सपाट केलेलं पुस्तक

भिवंडीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे आणि आपल्या हाताला सफाई आहे, असा माझा जुना गैरसमज आहे. एकदा एका बाईंनी जाड कागदांचा गठ्ठा पुढे केला. "नीट शिवा हं. परवा राहनाळला एका मुलीला द्यायचंय."

"बाई, काळजीच सोडा!"

कागद कोरे होते, पण त्यांवर बारीक फोड दिसले. ओल लागली असणार, असं ठरवून मी शहाण्यानं गठ्ठा प्रेसमध्ये घालून चाक गच्च आवळलं.

बाई न्यायला आल्या तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "बघा, इस्त्री केल्यासारखं झालंय!"

त्यांनी डोळे मिटून पानावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. अंगठ्याशी मोठा घट्टा होता.

"दादा, हे ब्रेलमधलं इतिहासाचं पुस्तक होतं. पाच महिने हातानं एकेक ठिपका टोचलाय. तिची सोमवारी परीक्षा आहे."

माझ्या तोंडून निघालं, "मला वाटलं, कागद कोरेच आहेत."

"सगळ्यांना तसंच वाटतं. बावीस वर्षं शिकवतेय मी ह्या मुलांना."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसून एकेक पान चाचपत राहिल्या. दाब कमी पडलेल्या शेवटच्या दोन पानांवर ठिपके उरले होते. माझ्याकडून ब्लेड घेऊन त्यांनी तेवढी पानं कापली.

"एवढं तरी वाचेल," म्हणाल्या, आणि ती दोन पानं भरलेल्या ताटासारखी दोन्ही हातांवर आडवी धरून राहनाळच्या रिक्षात बसल्या.