इथं सर म्हणायचं नाही

शाळेत कुणी 'सर' म्हटलं की ते खडू हातात धरून सावकाश वळायचे आणि म्हणायचे, "बोल." संध्याकाळी गाडीवर तोच शब्द कानावर पडला की अंगावर तेल उडाल्यासारखे दचकायचे. एकाच माणसाची ही दोन्ही रूपं मला रोज बघायला मिळाली, कारण सकाळी मी त्यांचा अकरावीचा विद्यार्थी होतो आणि संध्याकाळी त्यांच्या चायनीज-बर्गरच्या गाडीवर कामाला होतो.

बोरीहून मी सेलूला शिकायला आलो तेव्हा खोली घेतली खरी, पण घरून खर्चाला मिळेलच याचा भरवसा नव्हता. हे सरांना कुठून कळलं कोण जाणे. भूगोलाच्या तासानंतर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि "कांदा-कोबी चिरता येतो का?" एवढंच विचारलं. पहिल्या संध्याकाळी गाडीवर गेलो आणि सवयीनं 'सर' म्हणालो, तर त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "इथं सर म्हणायचं न्हाई. इथं दादा. शाळेची जीभ शाळेत ठिवून येत जा." वर्गात एवढं शुद्ध बोलणारा माणूस आपल्यासारखंच बोलतो हे मला तेव्हा कळलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आमची तुकडी विनाअनुदानित होती. ज्यांच्या घरात असा मास्तर आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. माणूस रोज शाळेत येतो, हजेरी घेतो, पेपर तपासतो, सहलीला पोरांच्या उलट्याही निस्तरतो. पगार मात्र सरकारचं अनुदान येईल तेव्हा. सरांची सगळी जवानी त्या अनुदानाची वाट बघण्यात गेली होती. "या मार्चात हून जाईल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मार्च यायचा आणि जायचा. सर उन्हाळ्यात गाडीला नवा रंग द्यायचे आणि पुढच्या मार्चाचं बोलायला लागायचे.

शाळेचा पांढरा शर्ट ते शेजारच्या टेलरच्या दुकानात पिशवीत बांधून खुंटीला टांगायचे, तेलाचा वास लागू नये म्हणून. घरी जाताना लिंबू चोळून हात धुवायचे. तरी पहिल्या बाकावर बसलं की मंच्युरियनचा वास यायचाच. आम्ही पोरं त्यावर हसायचो. भूक लागलेली असायची, त्यामुळे फार वेळ हसवत नसे.

दुसरी गोष्ट मास्कची. कोरोना संपून सगळं गाव मास्क विसरलं, तरी सर गाडीवर मास्क लावूनच उभे राहायचे. कापसाच्या जिनिंगवरून येणारी माणसं कौतुक करायची, "स्वच्छता लय हाय बगा तुमच्याकडं." खरं कारण एवढंच की कुणा पालकानं ओळखू नये. आणि सेलूत हे माहीत नसलेला माणूस शोधून सापडला नसता. माझ्याच वर्गातली पोरं मुद्दाम यायची, बाकड्यावर ऐसपैस बसायची आणि "भैया, एक हाफ शेजवान" अशी ऑर्डर द्यायची. सर मान खाली घालून कढई हलवायचे. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना ते मोसमी वारे शिकवायचे, तेही जीव तोडून. मला त्या पोरांचा इतका राग यायचा की त्यांच्या प्लेटमध्ये मी मुद्दाम कोबीचे दांडेच जास्त घालायचो. एकदा सरांनी ते बघितलं. "कोबी बारीक चिर बाबा," ते म्हणाले, "आपली इज्जत सगळी कोबीत हाय."

शाळेची जीभ त्यांनाही कायमची बाजूला ठेवता येत नसे. एकदा एका म्हाताऱ्यानं "शेजवान म्हंजी काय असतंय?" असं विचारलं. सरांनी झारा खाली ठेवला. चीनचा तो प्रांत, तिथल्या डोंगरांमधलं खोरं, दमट हवा, म्हणून तिखट खाण्याची रीत, असं सगळं सुरू झालं. डोळे अगदी वर्गातल्यासारखे चमकायला लागले. मागचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "भैया, नूडल्स करपायल्यात." सरांनी झारा उचलला. म्हातारा मात्र पुढचं ऐकायला बराच वेळ उभा होता.

मी बारावीत गेलो त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाचा वाढदिवस आला. अध्यक्षांना सगळे साहेब म्हणायचे. देवगाव फाट्याकडे त्यांचं फार्महाऊस होतं. शाळेच्या सगळ्या स्टाफला आमंत्रण होतं. सरांनाही होतं, पण कढईसकट. साहेबांनी निरोप धाडला, "घरचंच कार्य आहे, चायनीजचा काउंटर तुम्हीच लावा." मला वाटलं, सर नाही म्हणतील. ते उलट खुशीत होते. "वरून मंजुरी यायच्या बेतात हाय, प्रस्ताव सायबाच्या सहीनं जातो," ते शेगडी आणि सिलिंडर टेम्पोत चढवताना म्हणाले. "एक दिवस कढई हलवल्यानं जल्माचं काम व्हत आसंल तर का हलवू नये?" मी खालून सिलिंडरला हात दिला.

तिथं हिरवळीवर दिव्यांच्या माळा होत्या. सर मास्क लावून काउंटरमागे उभे राहिले, तोच साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंड झाकून काय उभे राहता? काढा ते. सगळी आपलीच माणसं आहेत." सरांनी मास्क काढून खिशात घातला. मग आपलीच माणसं रांगेनं आली. मुख्याध्यापकांनी दुसरीकडे बघत प्लेट पुढं केली. रोज सरांच्या डब्यातलं लोणचं खाणारे गणिताचे शिक्षक "जरा तेल कमी" असं कढईला उद्देशून म्हणाले. कुणी नाव घेतलं नाही. शेवटी सातवीतली एक मुलगी आईचा हात सोडून पुढं आली आणि आनंदानं म्हणाली, "सर, तुमी पण आलात?" सर तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तिखट किती टाकू बेटा?" मी खाली बसून उगाचच सिलिंडरचा कॉक बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं.

निघताना साहेब म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा."

त्या मार्चात खरंच अनुदान आलं. पण सरांच्या जागेचा प्रस्ताव साहेबांच्या भाच्याच्या नावानं गेला होता. चायनीजची गाडी लावणारा माणूस वर्गात उभा करणं संस्थेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असं साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. शिपायानं हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. ज्यांनी फार्महाऊसवर सरांच्या हातचं मागून मागून खाल्लं होतं, त्यातल्या एकानंही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. त्या लोकांना नमस्कार करायला अजून माझा हात उठत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी गाडीवर गेलो तेव्हा सर आधीच येऊन कोबी चिरत बसले होते. तोंडावर मास्क नव्हता आणि कोबी जाड निघत होता. अंगात शाळेचा पांढरा शर्ट तसाच होता आणि त्याच्या बाहीवर तेलाचे डाग पडले होते.

"दादा, सरका. मी चिरतो," मी म्हणालो.

त्यांनी सुरी थांबवली. "दादा न्हाई," ते म्हणाले. "आता इथंच सर म्हण. दुसरीकडं म्हणणारं कोन ऱ्हायलंय?"

बाकड्यावर आमच्या वर्गातली पोरं बसली होती. सगळी ऐकत होती. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "सर."

कुणीतरी फिसकन हसलं. ते मात्र वर्गात वळायचे तसेच सावकाश माझ्याकडे वळले, हातात खडू धरावा तशी सुरी धरून, आणि म्हणाले, "बोल."