सव्वापाचची एसटी

आमच्या हायस्कूलात संगणक आणि रोबोटिक्सची लॅब आली तेव्हा मी नववीत होते. पंधरा नवे संगणक, रोबोट जोडायचे किट आणि कोपऱ्यात एक थ्रीडी प्रिंटर. उद्घाटनाला रांगोळी आम्ही मुलींनीच काढली, स्वागतगीतही आम्हीच म्हटलं. खेड्यातल्या लेकींसाठी ही लॅब आहे, असं पाहुणे भाषणात म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक लागलं. लॅबचा तास शाळा सुटल्यावर, पाच ते सहा. आमच्या गावाकडं जाणारी शेवटची एसटी सव्वापाचची. गावातनं आम्ही सात मुली शाळेत जायचो. पोरं मागनं कुणाच्या मोटारसायकलवर, टेम्पोत बसून यायची. आम्हाला तसं कोण येऊ देणार?

मी मुख्याध्यापकांकडं गेले. "सर, तास दुपारी घ्या की. आमची एसटी जाती."

त्यांनी कागदातनं मान वर केली नाही. "शाळा काय तुझ्या एसटीवर चालवू? रोबोटचं डिझाइनच शिकायचंय ना? घरी कागदावर काढ."

वर्षभर आम्ही लॅबच्या खिडकीखालून स्टँडकडं पळत राहिलो. वर्गातली पोरं सकाळी सांगायची, काल किटमधनं जोडलेली गाडी काळ्या पट्टीवरनं आपोआप वळली. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांचा काही दोष नाही हे कळायचं म्हणून जास्त यायचा. लेखी परीक्षेला सेन्सरची व्याख्या पाठ करून मी वीसपैकी अठरा मार्क मिळवले. सेन्सर कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये शाळेचे क्लार्क लॅबचं रजिस्टर घेऊन वर्गात आले. तपासणी होती. आमच्या सातजणींच्या नावापुढं वर्षभराच्या तारखा घातलेल्या होत्या आणि सहीची जागा रिकामी.

"करा पटापट सह्या," ते म्हणाले. "सर्टिफिकेट पाहिजे ना?"

सहाजणींनी केल्या. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनंही केली आणि पेन माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवला. "मी एकबी दिवस बसले नाही, सर. सही कशाची करू?"

दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं गेलं. हरभऱ्याची काढणी टाकून ती आली. मुख्याध्यापक तिला म्हणाले, "पोरगी लई उद्धट झालीय. शाळेचं नाव घालवंल."

आईनं खुर्ची घेतली नाही. "सर, तिला तुमी त्या खोलीत बसवलं का?"

"वेळ जमली नाही, बाई."

"मग सही कशाची? लेकराला खोटं लिहायला लावताव, अन् वर मलाच बोलावताव?"

"सर्टिफिकेट मिळणार नाही मग."

"नसू द्या," आई म्हणाली आणि चालायला लागली. फाटकाबाहेर आल्यावर तिनं एवढी भराभर पावलं उचलली की मला मागनं पळावं लागलं. मला वाटलं ती घाबरली. पण तिला राग आला होता.

त्या दिवसापासून माझी मैत्रीण माझ्या बाकावर बसेनाशी झाली.

दहावीला संगणकाच्या नवीन मॅडम आल्या, कंत्राटावर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही सातजणी का येत नाही?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग शनिवारी या की. शाळा साडेअकराला सुटते, तुमची एसटी दोनला."

एवढंच होतं. एका वर्षात कुणाला एवढंच सुचलं नव्हतं, कारण कुणी विचारच केला नव्हता. मॅडमपुढं मला रडू फुटलं आणि त्यांना वाटलं, आनंदानं.

त्या शनिवारी मी गाडीच्या मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्या. गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं पळाली आणि टेबलावरनं खाली पडली. मॅडम रागावल्या नाहीत. "आता का पडली ते सांग," म्हणाल्या. मी तासभर वायरी सोडवत, जोडत बसले.

आता मी सोलापूरला डिप्लोमाला आहे. प्रॅक्टिकलला शहरातली पोरं न बघता टाइप करतात, मी अजून अक्षरं शोधते. सर म्हणतात, हळूहळू येईल. येईल, हे मलाही ठाऊक आहे. पण ते नववीत आलं असतं.