तिसऱ्या गल्लीतलं वळण

माझी पहिली नोकरी नेमकी कसली होती, हे मी आईला कधीच धड समजावू शकले नाही. एका टेक्नॉलॉजी कंपनीत मी सप्लाय चेन सल्लागार होते. माल कारखान्यातून निघून गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत कुठे रखडतो, कुठे उगाच फिरतो, ते शोधायचं आणि ज्याचा माल त्याला सांगायचं, एवढंच काम. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे लोकांच्या कामात खोट काढायचा पगार?" आमच्या गावच्या, किन्हवलीच्या बायकांना कुठलीही गोष्ट एका वाक्यात उरकता येते. तेव्हा मी फणकारले होते. आता वाटतं, माझ्या ओळखपत्रावर तेच छापायला हवं होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आटगावजवळ, हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या गोदामाचं काम आमच्याकडे आलं. माझे साहेब शहरात वाढलेले, हुशार, आणि मनाने वाईट मुळीच नव्हते. त्यांनी मला मुद्दाम बरोबर घेतलं, कारण मी त्या भागातली. मला नेमकं हेच खुपायचं. इतकी वर्षं शिकून, शहरात भाड्याने राहून मी जे मागे टाकलं होतं, त्याच्याच जोरावर मला तिथे नेत होते. म्हणून गोदामात मी हट्टाने हिंदी बोलायचे, तीही इंग्रजी शब्द पेरून. समोरचा मराठीत उत्तर द्यायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

आमच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर 'बिझनेस ट्रान्सफॉर्मेशन' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सुरुवात मात्र अगदी साधी होती. गोदामात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला काडेपेटीएवढा टॅग अडकवायचा. तो माणूस दिवसभर कुठून कुठे चालला, त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. प्रत्येकाला एक नंबर. आठवडाभर रेघा जमवायच्या आणि फुकटची पावलं कुठे पडतात ते बघायचं.

आठवड्याने गोदामाचा नकाशा रेघांनी भरून गेला. रॅकच्या गल्ल्यांमधून सगळ्या रेघा सरळ जात होत्या. फक्त तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, पॅकिंगच्या टेबलांकडे येताना, त्या एका जागेला वळसा घालत होत्या. मधे एक रिकामा तुकडा सुटला होता, माणूस झोपेल एवढा. आठवडाभरात त्यावर एकही पाऊल पडलं नव्हतं.

"तिथे खांब आहे का?" साहेबांनी विचारलं. खांब नव्हता. "मग खड्डा असेल. बघून ये."

मी गेले. गुळगुळीत, राखाडी कोबा. ओल नाही, भेग नाही, वर गळणारा पत्रासुद्धा नाही. खात्री करावी म्हणून मी त्या रिकाम्या तुकड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्या शेडमध्ये ट्रॉल्यांचा खडखडाट दिवसभर चालू असायचा, इतका की दुसऱ्या दिवसापासून तो कानाला लागतही नसे. तो थांबला तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकलंय. गल्ल्यांच्या तोंडांशी माणसं उभी होती आणि सगळी माझ्या पायांकडे बघत होती.

मुरबाडकडचा एक वयस्कर हमाल पुढे आला. तोही वळणाच्या कडेलाच थांबला. "ताई, तिथून बाजूला व्हा."

"क्यों, क्या हुआ?"

"व्हा ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. मी बाजूला झाले. खडखडाट पुन्हा सुरू झाला.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी त्याने मला सांगितलं. "दोन वर्सं झाली. पोत्यांची थप्पी कोसळली. आमच्यातला एक जन खाली व्हता. काडला तवा गेलेला. टेबलावर लेबलं चिकटवते ना ती मावशी, तिचा नवरा. त्याच्या जागी तिला घेतली. ती तिथं समोर बसलेली असते. त्या जागेवर पाय कोन ठेवील?"

"तुम्हाला कोणी सांगितलंय तसं चालायला?" माझी हिंदी कुठे गेली ते कळलंही नाही.

"हे काय सांगायला लागतं? नवीन पोरं येतात, बिहारची, यूपीची, त्यांना ठाव पन नाय. पुढचा वळतो म्हून मागचा वळतो."

त्या दुपारी मी लॅपटॉप उघडून माझी स्वतःची रेघ शोधली. पहिल्या दिवसापासून एक टॅग माझ्याही कमरेला होता. माझी रेघसुद्धा तिथे वळत होती, प्रत्येक वेळी. पुढचा वळला म्हणून मीही वळले असेन, अशी मी मनाची समजूत घातली. पण पहिल्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी एकटीच आत शिरले होते. माझ्या पुढे कोणीही नव्हतं. ती रेघही वळली होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही नव्हते ठेवत. तरी भर उजेडात, पंख्याखाली बसून, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या रेघेचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. काटकुळी, पन्नाशीच्या अलीकडची, हाताच्या बोटांना लेबलांचा चिकट गोंद. तिने डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी आणि सुकट माझ्यापुढे सरकवली.

"किन्हवलीची ना गो तू? तोंडावरनंच वलखलं. माजं माहेर वैशाखऱ्याचं." मग माझ्या लॅपटॉपकडे मान करून म्हणाली, "यात समद्यांचं चालनं दिसतं म्हनं?"

"हो, दिसतं."

"कोन कुटं थांबला, ते पन?"

"तेही दिसतं, मावशी."

तिने घास चावून संपवला. "आनि आदीचं? दोन वर्सांमागलं?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. "नाही मावशी. टॅग लावले तेव्हापासूनचंच दिसतं."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि डबा बंद केला. मला वाटतं, तिला फक्त त्याची रेघ बघायची होती. तो कुठून चालत तिथे आला, एवढंच.

इतकं कळूनही मी जे केलं ते आता सांगते. पुढच्या आठवड्यात गोदामाच्या मालकांसमोर सादरीकरण होतं. नकाशा भिंतीवर झळकला आणि तो वळसा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. साहेबांनी मला विचारलं, "याचं कारण मिळालं का?"

खोलीत एसी होता, इस्त्रीचे शर्ट होते, बिस्किटांची बशी होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मीच आले: गावाकडची पोर, कंपनीच्या पैशाने आलेली, आणि इथे मेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतेय. मला लाज वाटली. "काही नाही, लोकांची सवय आहे," मी म्हणाले. मग स्वतःच्या हाताने माउस धरून त्या रिकाम्या तुकड्यातून एक सरळ रेघ ओढली.

मला सगळ्यात जास्त काय डाचतं, तर साहेबांना सांगितलं असतं तर ते थांबले असते. तेवढे ते चांगले होते. टेबलं दोन हात सरकवली असती तरी काम भागलं असतं, आणि हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

नवी पद्धत सुरू झाली. आता प्रत्येकाच्या हातातल्या स्कॅनरवर कुठून जायचं त्याची वाट दिसू लागली. वाट सोडली की त्या माणसाच्या नंबरापुढे लाल खूण पडायची. तोवर मी ठाण्याच्या ऑफिसात परतले होते आणि तिथून रोज स्क्रीन बघत होते. पहिल्या आठवड्यात सगळं गोदाम लालेलाल. एकही माणूस त्या जागेवरून गेला नव्हता. स्कॅनर ओरडत असणार, तरी सगळे वळत होते. मला आतून बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं का वाटावं, हे मात्र मी स्वतःला विचारत नव्हते.

शुक्रवारी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा मेल आला. ज्यांच्या नावावर सर्वांत जास्त लाल खुणा आहेत अशा चौदा जणांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगायचं ठरलं होतं. फक्त शनिवारचा आकडा बघायचा बाकी होता; तशी ताकीद गोदामात देऊन झाली होती. यादीत दुसरं नाव त्या मुरबाडच्या हमालाचं होतं. मी साहेबांना मेल लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. सवय म्हटलं होतं ते खोटं होतं, एवढं एक वाक्य मला लिहिता आलं नाही.

शनिवारी सकाळी शिफ्ट सुरू झाली तेव्हा मी स्क्रीनसमोरच होते. लेबलं लावणाऱ्या बायकांनाही टॅग होते, आणि मावशीचा नंबर मला पाठ होता. तो ठिपका टेबलापासून उठला. सरळ तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गेला, त्या रिकाम्या तुकड्यात शिरला आणि थांबला. बराच वेळ तो हलला नाही. स्क्रीनवरचे बाकीचे ठिपकेही जिथल्या तिथे थांबले होते. मला तो थांबलेला खडखडाट ठाण्यात ऐकू येत होता.

मग तो ठिपका गल्लीत गेला. परत त्याच जागेवरून आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मावशीचं त्या गल्लीत काही काम नसतं. चौथ्या फेरीला तिच्या मागून दुसरा ठिपका निघाला, सरळ. मग आणखी दोन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या रेघा सरळ झाल्या होत्या. साहेबांनी ग्रुपवर अभिनंदनाचा अंगठा पाठवला. कोणाचंही नाव कापलं गेलं नाही.

फक्त मावशीच्या नंबरापुढे सिस्टिमने पिवळी खूण केली होती. कामाच्या वेळात आपली जागा सोडून विनाकारण थांबली. संध्याकाळपर्यंत कारण भरलं नाही तर तिचा अर्धा दिवस कापला जाणार होता, आणि कारण भरायचं काम माझ्याकडे होतं. मी हमालाला फोन लावला. मावशींना द्या म्हटल्यावर त्याने तो तिच्या हातात दिला.

"मावशी, मी किन्हवलीची. सकाळी तुम्ही तिथे थांबलात ना, त्याचं कारण लिहायचंय. काय लिहू?"

मागे ट्रॉल्या खडखडत होत्या.

"काय लिवशील बाय," ती म्हणाली. "त्येला म्हटलं, जरा बाजूला सरक. पोरांचं काम जातंय."

समोर कारणांची यादी होती: स्कॅनर बंद, मालाची वाट, पाणी, प्रसाधन, इतर. मी 'इतर' निवडलं.