टायरवरचा दाणा

"नाना गयात रे..." काकूंचा फोन आला आणि मला रडू यायच्या आधी शंका आली. खरंच गेले, की कोण कोण धावत येतं ते बघताहेत? चुलत्याच्या मरणावर अशी शंका घेणाऱ्या पुतण्याला तुम्ही नावं ठेवाल. ठेवा. पण संशयाची ही विद्या मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून आमचं शोरूम आहे. आजोबांचं दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. नानांनी तरुणपणी रस्त्यात बंद पडलेली कुणाची तरी परदेशी स्पोर्ट्स गाडी दुरुस्त केली आणि त्या इंजिनाच्या आवाजाचं त्यांना वेड लागलं. पुढे मुंबईच्या बंदरात उतरलेल्या तसल्याच वापरलेल्या गाड्या ट्रकवर चढून आमच्या दारात येऊ लागल्या. पहिली घेतली पहूरच्या एका बागायतदाराने. गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट टेकलं आणि शेवटी बैलजोडी लावून तिला ओढावं लागलं. तेव्हापासून नाना गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा रस्ता आधी मोटरसायकलवरून स्वतः बघून येत. रस्ता चांगला आहे म्हणून गिऱ्हाईक शपथा घेई. नाना म्हणत, "मी पाहीसन येस." आल्यावर कित्येकदा गाडी द्यायलाच नकार देत. धंदा असा करतात का, असं सगळे विचारायचे, पण आमचा तसाच चालला.

माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि मीटरवर तर नव्हताच. शोरूमबाहेर पाऊल टाकण्याआधी ते प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकावर, मडगार्डच्या आत हात घालून, दादरचा एक दाणा ठेवत. दादर म्हणजे आमची रब्बी ज्वारी, घरच्या शेतातली, पांढरी आणि टणक. टेबलाच्या खणात त्यासाठी पत्र्याची डबी असे आणि तिची किल्ली त्यांच्या करगोट्याला. गाडी वीतभर हलली की दाणा खाली. "मीटर मांगे फिरावता येस," ते मला सांगत, "दाना नई फिरत. बठ्ठा चोर शेतस रे, मी बी." सगळ्या चोरांत ते स्वतःलाही धरत.

एकदा ते घरची जीप घेऊन नरडाण्याला लग्नाला गेले होते. दुपारी धुळ्याहून सासऱ्यांचा फोन आला. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. दवाखान्यात नेलंय, लक्षण ठीक नाही, निघा. शोरूममध्ये एकच गाडी चालू स्थितीत होती, लाल, दोन सीटची. मी किल्ली उचलली. धुळ्यापर्यंत मला रस्ता दिसला नाही, फक्त गतिरोधक दिसले. मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याची सही वेळेवर मिळाली म्हणून बरं झालं. संध्याकाळी, नाना यायच्या आत, मी गाडी आणून पुसून जागेवर लावली. दाणा कुठे पडला देव जाणे. शोरूमच्या पायरीवर चिमण्यांसाठी वाटीत ज्वारी असे. त्यातला एक दाणा उचलून मी टायरवर ठेवला.

एसटीने गेलो, लगेच बस मिळाली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. नानांनी विचारलंच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून चाकांवर दाणेच दिसेनात. उलट त्यांनी सगळ्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे टाकला. आता मात्र मी हादरलो. हा उंदरासमोर ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा, यात वाद नाही. नवा सापळा कुठे आहे म्हणून मी गाड्यांखाली वाकून वाकून बघायचो. त्यांनी चहाला हाक मारली की वाटे, आज विचारणार. मग मी चहाच टाळू लागलो. पंधरा वर्षं एका छपराखाली धंदा केला, पण त्यांच्याशेजारी निवांत असा बसलो नाही... याची मला लाज वाटते.

दशक्रियेनंतर काकूंनी ती डबी माझ्या हातात दिली. दादरच्या दाण्यांवर कागदाची एक पुडी होती आणि पुडीत ज्वारीचा एकच दाणा, बारीक, मळकट. हायब्रीडचा. खानदेशात जन्मून मी दादरच्या जागी चिमण्यांची हायब्रीड ठेवून आलो होतो. घरची शेती असलेल्या नानांना ते कळायला किती वेळ लागणार?

"त्यास्ले तव्हयच समजनं व्हतं," काकू म्हणाल्या. "मी म्हनू, इचारा ना त्याले. तं म्हने, मी इचारं तं तो खोटं बोली. मंग ते खोटं त्याले जनमभर सांभाळनं पडी. पोर वाची, बस."

त्यांनी न विचारताही मी ते सांभाळलं.

लाल गाडी अजून तिथेच आहे. तिच्यासाठी गिऱ्हाइकं येत, नाना रस्ता बघून येत आणि खराब आहे म्हणून सांगत. ते खरंच खराब होते का, आता मला त्या रस्त्यांविषयीही शंका येते. काल दुपारी शोरूममध्ये कुणी नव्हतं. पुडी उघडून मी त्यांच्या टेबलावर ठेवली, समोरच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "नाना, त्या दिवशी गाडी मी नेली होती."

आणि लगेच मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना...