पायाळूच्या तीन लाथा

मी पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण कुणाच्या कंबरेत उसण भरली की गाव माझ्याकडे धावतं. पायाळूनं तीन लाथा घातल्या की उसण पळते म्हणे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीत गावी येऊन लाथा मारतो. खरं सांगायचं तर मान मिळायचा, तो आवडायचा.

या दिवाळीत थोरल्या अक्काचा नंबर लागला. घरची मेंढरं विकल्यापासून ती रोजानं जाते. चालताना एका अंगाला झुकायची, साडीचा काठ उजवीकडे जमिनीला घासायचा. बाया दारात जमल्या, अक्का पालथी झोपली. पहिल्या लाथेला तिनं पदर दातात धरला आणि म्हणाली, "बरं वाटायलंय." मला चेव आला. पुढच्या दोन जोरात घातल्या.

चार दिवसांत तिला बसता येईना. बीदरला दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. हाड मोडलं असेल तर ते मीच मोडलं होतं.

हाड शाबूत निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायही आखूड नाही. वर्षानुवर्षं डाव्या कडेवर घागर घेतलीय, म्हणून कंबरेचं हाड तिरकं झालंय आणि पाठ वाकडी दिसते. व्यायामानं पुष्कळ फरक पडेल. पण इथं ताजा मार आहे. तो कशाचा?"

"पडले," अक्का म्हणाली.

"कुठं? कशावर? नीट कळल्याशिवाय मी व्यायाम देणार नाही. चुकला तर चालणं आणखी बिघडेल."

पोरांना खरं बोला म्हणून दटावणारा मी एक्स-रेच बघत राहिलो.

"मी लाथा मारल्या," शेवटी मी म्हणालो. "तीन."

"काय करता तुम्ही?"

"मास्तर आहे."

विषय त्यांनी विचारला नाही, हे उपकारच. तीन आठवडे आराम आणि मग करायचे व्यायाम त्यांनी लिहून दिले.

बाहेर आल्यावर अक्का चिडली. "कामून सांगितलास? चार माणसांत तुझी इज्जत हाय."

"तू कामून न्हाई बोललीस? पहिल्याच लाथेला दुखलं असंल की."

"व्हय, लई दुखलं."

"मग बरं वाटायलंय कामून म्हणलीस?"

"तसं म्हणलं की थांबशील, वाटलं मला."