नको म्हटलं की नको

माझा थोरला भाऊ श्रीपाद १९५१ साली अमेरिकेतून इंजिनिअर होऊन कल्याणला परत आला. आम्हाला वाटलेलं, आता हा पूल सांगेल, कारखाने सांगेल. छे, दादा सांगायचा डायनर. रेल्वेच्या डब्यासारखी लांबोडकी जागा, एका अंगाला उंच स्टुलं आणि पलीकडे कॉफीची किटली घेऊन उभी असलेली रूथ नावाची बाई.

"म्हणजे खाणावळच की," अण्णा म्हणाले. आमच्या वडिलांना खाणावळ म्हटलं की विद्यार्थीदशेतली पाणचट आमटी आठवायची.

"खाणावळ कसली, अण्णा? कप रिकामा झाला की न विचारता भरते. आणि मला हनी म्हणायची."

हनी म्हणजे मध, हे कळल्यावर आईने देव पाण्यात ठेवले. रूथ साठीची आहे, तिला चार नातवंडं आहेत, हे दोन दिवसांनी कळलं तेव्हा बाहेर काढले.

दादाचं खरं पुराण पुढेच होतं. तिथे पोचल्यावर घरमालकिणीने जेवायला विचारलं. हा आपल्या वळणाप्रमाणे "नको" म्हणाला आणि ती पुन्हा विचारेल म्हणून थांबला. बाईने ताट उचललं. तीन दिवस हेच. शेवटी भुकेला कंटाळून हा त्या डायनरात शिरला आणि रूथने त्याला पोटभर वाढलं. तेव्हापासून त्याला साक्षात्कार झालेला. "भरभरून देतात, पण कपावर हात ठेवला की थांबतात. माणसाच्या शब्दाला मान आहे तिथे. आपल्याकडे?"

आपल्याकडे पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात, हे काही खोटं नाही. माझ्या मोठ्या बहिणीच्या, चित्राच्या डोहाळजेवणात आईने विहीणबाईंच्या बांगड्यांवर बासुंदी ओतलेली.

मग घरात कायदा आला. आईने एकदाच विचारायचं. नको म्हटलं की नको.

आईला हे जमायला सहा महिने लागले. पोळी घेऊन यायची, एकदा विचारायची, "नको" ऐकलं की ओठ मिटून परत जायची. वाढताना तिचा चेहरा मला बघवायचा नाही. दादा मात्र खूश. "जमतंय की गं आई तुला," म्हणायचा, जणू तिला पाढे पाठ झालेत. असा संताप यायचा मला त्याचा.

पुढच्या वर्षी त्याला तिकडून नोकरीचं पत्र आलं. कायमची नोकरी. आईचा जीव टांगणीला लागला. इकडे शहाडच्या कारखान्यातही त्याला जागा मिळत होती आणि ती त्याला आवडलेलीही. आठवडाभर ते पत्र खिशात घालून तो नुसता हिंडत होता.

रविवारी जेवताना आई म्हणाली, "शहाडची नोकरी धर ना रे. इथेच राहा."

"नको गं आई," दादा म्हणाला.

मी समोरच बसलेली. घास त्याच्या हातात तसाच राहिलेला आणि डोळे आईच्या तोंडाकडे. घरमालकिणीच्या टेबलावर तो कसा बसला असेल, ते मला त्या दिवशी दिसलं.

"बरं," आई म्हणाली आणि तुपाची वाटी घेऊन आत गेली.

त्या दुपारी दादा तीनदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. तिन्ही वेळा आईने पाणी दिलं. संध्याकाळी त्याने होकाराचं पत्र टपालात टाकलं.

तो बोटीवर चढून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईवर चिडले. म्हटलं, "अगं, आणखी एकदा म्हणाली असतीस तर राहिला असता तो."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोंडापर्यंत आलेलं गं. पण त्याला आवडत नाही ना."