लेकीचं लिव्हर, माझी किडनी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण इकडे हिंदी मुलखात सरकारी ड्रायव्हर म्हणून चार इमली या सरकारी बंगल्यांच्या वस्तीतल्या मोठमोठ्या साहेबांना फिरवलं, आणि रस्ता कुठला घ्यायचा ते एकालाही सांगू दिलं नाही. घरातही तसंच. मी एकदा नाही म्हटलं की नाही.

माझं लिव्हर निकामी झालं तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं. एकुलती एक लेक स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला निघाली. आमच्या घराण्यात लग्न झालेल्या लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत नाही. मी शिवाजी नगरला, ती याच शहरात कोटरा सुल्तानाबादला. तिच्याकडे जाताना पाण्याची बाटली मी घरूनच नेतो. अन् तिच्या पोटातलं काढून घ्यायचं? पण ती माझ्याहून हट्टी. "मी विचारत नाहीये, सांगतेय," म्हणाली. झालं.

ऑपरेशन पार पडलं. नवं लिव्हर लगेच कामाला लागलं. अंगात नळ्या होत्या तरी माझी छाती फुगलेली. लेकीचं आहे, चालणारच! आणि मग लघवी आटली. पलंगाला टांगलेल्या पिशवीत थेंब येईना. पाय सुजले, तोंड सुजलं, श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा धक्का किडनीला बसतो. थोडे दिवस डायलिसिस करू, किडनी बहुतेक पुन्हा सुरू होईल. नाही केलं तर जिवाला धोका.

"मशीन नको," मी म्हटलं. माझ्याबरोबरचा एक ड्रायव्हर मशीनवर चढला तो मरेपर्यंत उतरला नव्हता, हेही सांगितलं.

"बाबूजी, उनकी बीमारी अलग थी," डॉक्टर म्हणाले.

"होगी. नहीं कराना."

घरची मालकीण रडली. जावयानं हात जोडले. मी मान भिंतीकडे वळवली.

मग लेक आली. तिच्या पोटाला अजून टाके. एक हात पोटावर, दुसरा नर्सच्या खांद्यावर, तोंडाला मास्क. मला वाटलं, आता ही पण रडणार.

"बाबा, नको म्हणालात?"

"हो."

"बरं. मग माझं लिव्हर परत द्या."

"काय?"

"खरंच द्या. तुम्ही गेलात की माझा तुकडाही चितेवर जाणार. माझ्या घरचं पाणी चालत नाही तुम्हाला, आणि माझी चांगली वस्तू नेऊन जाळलेली चालते होय?"

"अगं, नर्ससमोर काय बोलतेस!"

"तिला मराठी येत नाही. आणि येत असली तर ऐकू दे."

एवढं बोलून तिला धाप लागली. पोट धरून ती स्टुलावर टेकली, पण माझ्यावरची नजर हटवली नाही. साहेबांना मी आरशातून जशी नजर द्यायचो ना, तशीच.

"किती वेळ लावतात ते मशीन?" मी विचारलं.

"का? ड्यूटीवर जायचंय?"

मानेत नळी घातली. मशीन चालू झालं की अशी हुडहुडी भरायची की दातावर दात आपटायचे. तहान तर विचारू नका. पाणी घोटभरच मिळायचं. पण मी हूं का चूं केलं नाही. काचेपलीकडे ती बसलेली असायची. तिच्यासमोर मी कण्हणार?

एका सकाळी पिशवी बघून नर्स ओरडली, "दादाजी, आ गया!" जरासंच होतं, कडक चहाच्या रंगाचं. मी फरशी पुसणाऱ्या बाईपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ती पिशवी दाखवली. बोट दाखवून सांगायचो, देखो! लेक म्हणाली, "बाबा, पेढे वाटायचे राहिलेत फक्त." पुढे लघवी वाढत गेली आणि मशीन सुटलं.

किडनी पूर्वीसारखी झाली नाही, कमजोरच राहील, असं डॉक्टर सांगतात. मीठ कमी, सारखी रक्ताची तपासणी. असू दे. लिव्हर मात्र फर्स्टक्लास.

परवा बागेत ओळखीचा एक म्हातारा शेजारी बसला. "बड़ा ऑपरेशन हुआ सुना. लड़के ने दिया?"

मी सरळ शर्ट वर केला. पोटावरचा आडवा व्रण त्याला दाखवला. "लड़की का है. देख ले."

मागून लेक ओरडली, "बाबा, लोक बघताहेत, शर्ट खाली करा!"

"थांब गं," मी म्हटलं, "यानं अजून नीट पाहिलं नाही."